शिक्षेच्या वर्षांत त्याला ‘का’ विचारा

प्रति,
महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसोबत मी समुपदेशक म्हणून काम करते. शिक्षा झाली की बहुतेकांच्या लेखी प्रकरण मिटतं. एका आईनं मात्र निकालाच्या दिवशीच विचारलं, “ताई, सुटला की तो येणार कुठं? आमच्याच घरात ना?” गुन्हेगार तिचा दीर होता. बलात्कार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, हे एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत. कायद्यात किमान 10 वर्षं सक्तमजुरी आहे, जन्मठेपही आहे. तरी यातले बरेच जण कधी ना कधी घरी परतणारच. तोवर ते तुमच्याकडे सतरंज्या विणतात, सुतारकाम शिकतात. हे का केलंस, असं त्यांना कोण विचारतं?

कारण कळल्यानं गुन्हा तसूभरही लहान होत नाही. पण कलम एक असलं तरी हे सगळे एकाच माळेचे मणी नसतात. एकाला लहान मुलांचंच आकर्षण असतं. दुसऱ्याला बाईवर राग काढायचा, हुकमत गाजवायची असते. तिसरा टोळक्यात, मागे राहिलो तर हसतील म्हणून पुढे होतो. ती गप्प होती म्हणजे राजी होती, असं चौथ्याला आजही मनापासून वाटतं. या चौघांना एकच प्रवचन देऊन काय साधणार?

इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत 1990च्या दशकापासून लैंगिक गुन्हेगारांसाठी गटउपचार चालत. केलेल्या कृत्याची कबुली आणि पीडितेच्या वेदनेची जाणीव यांवर त्यात बराच भर असे. 2017 मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयानंच पडताळणी केली. उपचार घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी, तर न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी 8 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. तो कार्यक्रम बंद करून नवे आणले गेले. कैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून धोका टळत नाही, हे मला त्यातून पटलं. मुलांविषयीची ओढ, डोक्यात सतत घोळणारी वासना, न आवरणारा आवेग यांवरच काम करावं लागतं.

एका मध्यवर्ती कारागृहापासून सुरुवात करा. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ नेमा, लैंगिक गुन्ह्यातल्या प्रत्येक सिद्धदोष बंद्याची स्वतंत्र तपासणी आणि त्यानुसार उपचार होऊ द्या. शिक्षेतल्या माफीचे दिवस या उपचाराशी जोडू नका, नाहीतर पश्चात्तापाचं सोंग तेवढं वठेल. सुटकेनंतर काय घडलं, ते बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि जाहीर करा. पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतला एक रुपयाही इकडे वळवू नका. येत्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळी तरतूद मागा, ही विनंती.

आपली,
एक समुपदेशक