अकरावीच्या अर्जातला प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमधून दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो. पोराला डॉक्टर करायचे की इंजिनिअर? पोरीला जीवशास्त्र द्यायचे की गणित? परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर घ्या. वालूर म्हटले की लोकांना तिथल्या प्राचीन बारवा आठवतात, वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. याच देशात सार्वजनिक पाण्याला हात लावण्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, हे बारवांचे कौतुक करणारे सहसा लिहीत नाहीत. त्याच वालूरच्या बौद्ध वस्तीतला मजूर आज आपल्या मुलीने एमबीबीएस करावे की संगणक शिकावा याचा विचार करतो. ही आंबेडकरी चळवळीची कमाई आहे. मात्र हा निर्णय तो कोणाच्या सल्ल्याने घेतो, हे तपासले पाहिजे.

आज हा सल्ला क्लासवाले देतात. सेलूच्या स्टेशनवरून एका बाजूची गाडी नांदेडकडे जाते, दुसऱ्या बाजूची औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे. लातूर आणि नांदेड ही आता नीटच्या शिकवणीची मोठी बाजारपेठ झाली आहे. बॅनरवर पहिल्या आलेल्यांचे फोटो झळकतात. रांगेत मागे राहिलेल्यांचे फोटो कोणी लावत नाही आणि त्यांच्या बापाने काढलेल्या कर्जाचा आकडाही कोणी छापत नाही. दुसरीकडे पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेला कोणी भाऊबंद गाडी घेऊन गावी येतो आणि सगळी वस्ती पॅकेजची भाषा बोलू लागते. एकीकडे ‘डॉक्टर’ या शब्दाचा मान, दुसरीकडे पगाराचा आकडा, आणि या दोहोंच्या ओढाताणीत सोळा वर्षांचे लेकरू!

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार फार आधी केला होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले होते की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे, आणि ते महाग असल्यामुळे सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे. त्यानंतर दोनच वर्षांत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आमची मुले जी ‘जीओआय स्कॉलरशिप’ म्हणतात तिचे मूळ तिथे आहे. म्हणजे दवाखाना आणि प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी आपली माणसे असावीत, हे बाबासाहेबांना अभिप्रेत होते. परंतु त्यांनी यात शासनाची जबाबदारी अट म्हणून घातली होती. ती अट आज आपणच विसरत चाललो आहोत.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरक्षण लागू आहे. २००७ पासून अखिल भारतीय कोट्यातही अनुसूचित जाती-जमातींना जागा मिळू लागल्या. परभणीत २०२३ पासून १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलांच्या वाट्याला जागा कमी येत, आणि ७०:३० चे प्रादेशिक सूत्र त्यांना आणखी अडवत असे. ते सूत्र २०२० साली रद्द झाले. डॉक्टर झाल्यावर शासकीय आरोग्य सेवेत जी पदे नियमित भरली जातात, तिथे बिंदुनामावली लागते. संविधानाचे संरक्षण इथे विद्यार्थ्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सोबत चालते. संगणकाच्या क्षेत्रात ते संरक्षण महाविद्यालयाच्या फाटकापर्यंतच येते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आरक्षण आहे, पण पदवी हातात पडून मुलगा कंपनीच्या दारात उभा राहिला की कलम १६(४) बाहेरच थांबते. २००४ साली केंद्रातल्या सरकारने किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय घेतला होता. उद्योगपतींनी ऐच्छिक आचारसंहितेचा कागद पुढे केला आणि आमची बोळवण केली!

खाजगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता पाहतात, असे म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले गेले. दलित आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. समुद्रापलीकडेही तेच. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय विभागाने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा केला. २०२३ मध्ये दोन वरिष्ठ अभियंत्यांविरुद्धचा भाग मागे घेतला गेला, कंपनीवरचा दावा मात्र कायम ठेवला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक गव्हर्नरने नाकारले. सिलिकॉन व्हॅलीत जाऊन जात धुतली जाते, हा भ्रम आमच्या तरुणांनी सोडावा. आणि आयटी म्हणजे जन्माची सोय हाही भ्रमच. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने बारा हजारांहून अधिक लोकांना कमी करण्याचे जाहीर केले.

म्हणून वैद्यकीय क्षेत्रात सगळे आलबेल आहे असे नाही. आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच गेल्या. त्या प्रकरणी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. जात एप्रन घालूनही येते आणि लॅपटॉप घेऊनही येते. मुलाला पाठवताना त्याच्याशी हे बोलून ठेवले पाहिजे. फी भरली म्हणजे बापाचे काम संपले असे होत नाही.

आणखी एक बाजू क्लासवाला कधीच सांगणार नाही. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड झाले, तेव्हा पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. विधिमंडळात सरकारकडून त्याच्या श्वसनाच्या आजाराचा उल्लेख झाला. पण शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात डॉक्टरांनी अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद केली होती. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डॉक्टरच्या पेनाने लिहिलेल्या दोन ओळींचे मोल काय असते, हे परभणीकरांना आणखी कोणी शिकवायला नको. कोम्बिंग ऑपरेशनच्या चित्रफिती मोबाइलवरून राज्यभर गेल्या, तेही तितकेच खरे. तंत्रज्ञान आपल्या हातीही हवे. उद्या अर्ज, कर्ज, भरती सगळे यंत्रच चाळणार असेल, तर ते यंत्र शिकवणाऱ्यांत आमची मुले नसणे परवडणारे नाही.

तरीही निवड करावीच लागते, आणि आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. ज्या मुलाला जीवशास्त्राची खरी आवड आहे आणि शासकीय जागा मिळते आहे, त्याने पॅकेजच्या मोहाने ती सोडू नये. पदवी मिळाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती खेड्यातल्या आरोग्य केंद्रात जाऊन करावी. ज्याचे मन गणितात आहे त्याला नीटच्या घाण्याला जुंपू नये. एकदा पुन्हा परीक्षा देणे समजू शकते, परंतु तीन-तीन वर्षे घरी बसवून शेत गहाण टाकणे हा लेकराचा छळ आहे. अभिमत विद्यापीठातली जागा तर आमच्या माणसाने विकत घेऊच नये. तिथे आरक्षण नाही, आणि तिथल्या फीसाठी घेतलेल्या कर्जाच्या ओझ्याखाली गावात दवाखाना उभा राहत नाही.

ज्यांचे अजून ठरलेले नाही त्यांनी अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. ओझे वाढते, पण दोन्ही दारे उघडी राहतात. बाहेरगावी शिकताना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. वालूर, सेलू, जिंतूर, मानवत इथल्या विहारांमधून नोकरदार बांधवांनी प्रवेशाच्या दिवसांत दोन रविवार बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत. आणि जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव बारावीच्या निकालापर्यंत थांबवू नये. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते मुदतीत लागते, आणि समितीच्या कार्यालयात फाइल कधी हलेल याचा भरवसा नसतो. अकरावीत प्रवेश झाला की महाविद्यालयामार्फत तो लगेच दाखल करावा.