रोग रेड्याला, औषध पखालीला



पान पिवळे पडले की आपल्यापैकी पुष्कळजण आधी युरियाची गोणी उघडतात. मुळाशी पाणी साचले आहे का, चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळेनासे झाले आहे का, हे पाहायचे राहून जाते. युरिया फुकट जातो आणि पान पिवळे ते पिवळेच राहते. आजचा विषय तसा संगणकाचा आहे, पण गोष्ट हीच आहे. म्हणून घरात शिकणारी मुले-मुली असतील तर त्यांना जवळ बसवून हे सदर वाचावे.

गेल्या पावसाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका गावी जाणे झाले. निरोप आला होता तो कांद्याच्या चाळीचा. उन्हाळ कांदा भरलेला, आठवडाभर पावसाची झड लागलेली, आणि चाळीच्या एका कोपऱ्यात कांदा सडला. निवड करून बाहेर काढलेला माल सहा क्विंटलच्या घरात होता. चाळ पाहिली. बांधणी चांगली होती, खालून हवा खेळायला जागाही होती. मग झाले काय?

"साहेब, ह्या डबीनं घात केला बघा," दादा म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या एका प्लास्टिकच्या डबीकडे बोट दाखवले.

त्यांची मुलगी अभियांत्रिकीला शिकते. तिने एटीएम कार्डाएवढा छोटा संगणक त्या डबीत बसवला होता. चाळीतले तापमान आणि हवेतला दमटपणा तो मोजायचा आणि आकडा घरातल्या मोबाईलवर दाखवायचा. साठवलेल्या कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. झडीच्या दिवसांत मोबाईलवर आकडा होता ६८. दादा निर्धास्त राहिले. पावसाची सर थांबली की बाजूची ताडपत्री वर करून चाळीत हवा खेळवायची, ते त्यांनी केले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी चाळीजवळून गेल्या आणि म्हणाल्या, "वास येतोय." तेव्हा कुठे ताडपत्री उचलली गेली. मोबाईलवर तेव्हाही ६८ च होते!

आकडा खोटा नव्हता, शिळा होता. यंत्र तीन दिवसांपूर्वीच अडकले होते आणि शेवटचा आकडा तसाच दाखवत बसले होते.

मुलगी खाली मान घालून उभी होती. "काका, मी तीन वेळा लाइनक्स नव्याने टाकलं. पाच-सहा दिवस नीट चालतं, मग पुन्हा अडकतं. दुकानदार म्हणतो, नवा महागाचा बोर्ड घ्या."

दादांचे मत त्याहून सोपे होते. "मी म्हणतो, हा खेळच बंद कर."

मी संगणकाचा माणूस नव्हे. पण असा एक बोर्ड माझ्या घराच्या गच्चीवर काही वर्षे तापमान नोंदवतो आहे. त्याने मला त्रास दिला तेवढेच शिकवलेही. आणि आजारी झाडाकडे पाहायची जी रीत आपण वापरतो, तीच येथेही चालते, असा माझा अनुभव आहे. मी विचारले, "पोरी, ह्याला चार्जर कुठला लावलास?"

"आजोबांच्या जुन्या मोबाईलचा."

हा संगणक आहे तरी काय?

पुढे जाण्याआधी थोडी ओळख करून घेऊ. या बोर्डाचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे, मुलांना संगणक हाताळून शिकता यावा या हेतूने तो तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. सुरुवातीची किंमत होती ३५ डॉलर. त्यात फिरणारी चकती नाही. सगळा कारभार नखाएवढ्या मेमरी कार्डावर चालतो.

हा कारभार पाहते ती लाइनक्स नावाची प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली. ती घरच्या बियाण्यासारखी आहे. कोणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी, शेजाऱ्याला द्यावी. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्यातही लाइनक्सच आहे. तेव्हा ही वस्तू परकी मानण्याचे कारण नाही.

पहिली तपासणी विजेची

या बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. पण व्होल्ट बरोबर असून भागत नाही, धारही पुरेशी हवी. दादांच्या घरचा बोर्ड तिसऱ्या मालिकेतला होता. त्याला २.५ ॲम्पिअरचा चार्जर लागतो. चौथ्या मालिकेला ३ आणि पाचव्या मालिकेला ५ ॲम्पिअरचा सांगितलेला आहे. आजोबांच्या चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिले होते १ ॲम्पिअर! शिवाय चार्जर घरात आणि बोर्ड चाळीत. मध्ये पाच मीटर लांबीची बारीक वायर.

ठिबकची नळी प्रमाणाबाहेर लांब आणि बारीक असली तर शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. विजेचेही तसेच आहे. चार्जरपाशी ५ व्होल्ट असतात, बोर्डापाशी येईतो कमी होतात. ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की बोर्ड तक्रार करतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह येते. त्या डबीतला लाल दिवा मधूनमधून मिणमिणत होता, पण डबीचे झाकण बंद, मग पाहणार कोण?

लाइनक्सला हे थेट विचारताही येते. आज्ञा अशी: व्हीसीजेनसीएमडी, मग जागा सोडून गेट आणि थ्रॉटल्ड, या दोहोंच्या मध्ये खालची रेघ. उत्तर ०एक्स० आले तर सुरू झाल्यापासून वीज ठीक आहे. शेवटी दुसरा कोणताही आकडा आला तर विजेची किंवा उष्णतेची अडचण झालेली आहे. मुलीने आज्ञा दिली. उत्तर आले ०एक्स५०००५. म्हणजे दाब मागेही कमी पडला होता आणि त्या क्षणीही कमीच होता.

मग आम्ही डीमेसेज ही आज्ञा दिली. लाइनक्स आपली रोजची नोंदवही स्वतः लिहीत असते, ती या आज्ञेने वाचता येते. तिच्यात दाब कमी पडल्याची ओळ पुन्हा पुन्हा आलेली होती. त्याखाली कार्डावर लिहिता न आल्याच्या तक्रारी होत्या. रोगी स्वतःच कुठे दुखते ते सांगत होता, आणि आपण औषध दुसऱ्यालाच पाजत होतो.

दुसरी तपासणी कार्डाची

कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा दाब पडला की नोंद अर्धवट राहते. असे वारंवार झाले की कार्डातली मांडणी बिघडते. मग लाइनक्स सावध होऊन पुष्कळदा कार्ड फक्त वाचण्यापुरते ठेवते, त्यावर नवे काही लिहू देत नाही. दादांच्या चाळीत हेच झाले. नवी नोंद होईना आणि मोबाईलला जुनाच आकडा मिळत राहिला. प्रणाली नव्याने टाकली की कार्ड चार दिवस ताजेतवाने व्हायचे. पण मूळ दुखणे चार्जरचे, ते जागच्या जागी होते.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. बोर्ड बंद करायचा तो बंद करण्याची आज्ञा देऊन, आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वीज काढावी. नोंद दर सेकंदाला करू नये. चाळीसाठी दहा मिनिटांनी एक पुरे, कार्डाची झीज तेवढी कमी. सगळे नीट चालू असताना कार्डाची एक नक्कल करून ठेवावी. आपण बियाणे राखून ठेवतो तसेच हे. कार्ड भरले तरी नोंद थांबते, म्हणून महिन्यातून एकदा किती जागा उरली ते पाहावे. त्याची आज्ञा डीएफ.

वीज वारंवार जात असेल तर मध्ये बॅटरीची सोय करावी. पॉवर बँक लावणार असाल तर ती एकीकडे भरत असताना दुसरीकडे वीज देते का, आणि वीज जाता-येताना बोर्ड बंद पडत नाही ना, हे आधी करून पाहावे.

घड्याळ, ऊन आणि वायर

चौथ्या मालिकेपर्यंतच्या बोर्डांत स्वतःचे चालते घड्याळ नाही. वेळ इंटरनेटवरून घेतली जाते. रात्री वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसेल तर बोर्ड बंद पडण्यापूर्वीची वेळ धरून तो पुढे चालू लागतो. नोंदी होतात, पण तास चुकतात. पहाटेचा दमटपणा संध्याकाळच्या नावावर चढतो. यावर उपाय म्हणजे डीएस३२३१ नावाचे छोटे घड्याळ, त्याला बटणासारखा सेल असतो. पाचव्या मालिकेत घड्याळ आतच आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.

पत्र्याखाली डबी बसवली तर उन्हाळ्यात बोर्ड तापतो. त्याचे स्वतःचे तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की तो आपला वेग कमी करतो. डबीला खालून-वरून भोके ठेवावीत, भोकांना बारीक जाळी लावावी, म्हणजे मुंग्या आणि पाली आत शिरत नाहीत. दमटपणा मोजणारा सेन्सर मात्र बोर्डाच्या डबीत ठेवू नये. बोर्डाच्या उष्णतेने आतली हवा गरम होते आणि आकडा खरा येत नाही. तो कांद्याजवळच टांगावा.

डीएचटी२२ जातीचा सेन्सर कधीकधी एखादा आकडा गाळतो. लाइनक्स एकाच वेळी अनेक कामे करत असते, त्यात सेन्सरचा एखादा इशारा हुकतो. घाबरू नये. दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा विचारावे. आकडे सारखेच गळू लागले तर वायर आणि जोड तपासावेत.

बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्टचा इशारा दिला तर बोर्ड जळू शकतो. आणि २३० व्होल्टचा पंखा किंवा मोटर जोडण्याचे काम मुलांनी करू नये. ते वायरमनचेच काम.

एका वेळी एकच बदल

त्या दिवशी मुलगी चार्जर, कार्ड आणि बोर्ड हे सगळेच नवे आणायला निघाली होती. मी म्हटले, थांब. एकाच प्लॉटवर खत, औषध आणि वाण तिन्ही बदलले, तर पीक कशाने सुधारले हे कसे कळणार? तेव्हा बदल एकच करायचा, तो वहीत तारखेसह लिहायचा आणि सात दिवस पाहायचे. कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी त्या फाईलची नक्कल ठेवायची, म्हणजे चुकले तरी मागे येता येते.

ठरले असे. वायरमनकडून चाळीपर्यंत घरची वीज नीट पाइपमधून न्यायची. २.५ ॲम्पिअरचा चार्जर बोर्डाशेजारी लावायचा आणि वायर आखूड व जाड घ्यायची. प्रणाली त्याच जुन्या कार्डावर पुन्हा एकदा टाकायची, पण बोर्ड आणि सेन्सर बदलायचे नाहीत. सात दिवसांनी फोन आला. "काका, उत्तर ०एक्स० येतंय." पंधरा दिवसांनीही तेच. नवा बोर्ड घ्यावा लागला नाही.

त्यानंतर तिने दोन सुधारणा केल्या. एक म्हणजे बोर्डातच असलेला राखणदार जागा केला. त्याला वॉचडॉग म्हणतात. संगणक गोठला तर तो स्वतःहून पुन्हा सुरू करतो. दुसरी सुधारणा माझ्या मते सगळ्यांत मोलाची. आता मोबाईलवर आकड्याखाली तो कधी मोजला ती वेळ दिसते, आणि अर्ध्या तासात नवी नोंद आली नाही तर आकडा पुसला जाऊन "नोंद नाही" असे लाल अक्षरांत येते. आकडाच नसेल तर माणूस उठून चाळीकडे जातो. शिळा आकडा त्याला घरी बसवून ठेवतो. सहा क्विंटल कांदा गेला तो चार्जरमुळे खरा, पण या सुधारणेअभावीही गेला.

दिवाळीच्या आसपास पुन्हा त्या घरी गेलो. चाळ रिकामी झाली होती. मुलीने नोंदवही पुढे ठेवली. पानावर उभ्या रेघा मारलेल्या, एका रकान्यात यंत्राचा आकडा आणि शेजारच्या रकान्यावर लिहिलेले, "आईचे नाक". रोज सकाळी वहिनी चाळीभोवती एक फेरी मारीत आणि मुलगी त्यांचे मत लिहून ठेवी. काही दिवस दोन्ही जुळत, काही दिवस नाही. न जुळलेल्या दिवशी दादा स्वतः जाऊन ताडपत्री उचलून पाहत.

मी विचारले, "दादा, खेळ बंद नाही केला?"

ते म्हणाले, "खेळ कसला साहेब, चाळीला राखणदार ठेवलाय. फक्त त्याच्यावर सगळं सोडून झोपायचं नाही."

तेव्हा मंडळी, तुमच्या घरीही असा एखादा बोर्ड बंद पडून फडताळात पडला असेल, तर तो टाकून देऊ नका आणि घाईने नवाही आणू नका. आधी त्याच्या चार्जरवरचे बारीक अक्षर वाचा.