पोरे घेऊन सिंगापूरला

भगिनींनो, आणि हे पान हळूच वाचणाऱ्या बंधूंनो,

कुणाचा दीर जहाजाच्या गोदीत, कुणाची नणंद संगणकाच्या कचेरीत, असे करता करता सिंगापूर आता आपल्या घरांच्या बरेच जवळ आले आहे. "वहिनी, सुट्टीत मुलांना घेऊन या की," असा निरोप येतो आणि घरात चर्चा सुरू होते ती साड्या कोणत्या न्यायच्या याची. आज साड्यांचे राहू द्या, मुलांचे बोलू. तिकिटाचे पैसे कुणाच्या कांद्याचे, कुणाच्या कापसाचे असतात. ते सार्थकी लागायचे की रडारडीत जायचे, हे बरोबरची दोन चिमुकली ठरवतात.

पहिली गोष्ट फराळाच्या डब्याची. अनारसे आणि डिंकाचे लाडू नेऊ नका, कारण त्यात खसखस असते आणि तिथे खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. अफूच्याच बोंडातले बी ना ते! खायची तंबाखू, गुटखाही चालत नाही. मामंजींची डबी आणि सासूबाईंची मिश्री घरीच राहू द्या. मुलांच्या खिशातले च्युइंग गमसुद्धा काढा, १९९२ सालापासून ते आणायला आणि विकायला मनाई आहे. चकली, शंकरपाळे खुशाल न्या.

तान्हे मूल असले तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाच्या नावे प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवर भरायचा असतो. सरकारी अर्ज फुकट आहे. पैसे मागितले तर समजा, दुकान भलत्याचेच आहे.

आता घड्याळ. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस मूल सकाळी उठता उठणार नाही आणि रात्री झोपता झोपणार नाही. त्याला धपाटे घालण्यापेक्षा दिवसच उशिरा सुरू करा. समुद्राकाठच्या 'गार्डन्स बाय द बे' बागेत लोखंडी सांगाड्याची उंचच उंच झाडे उभी केली आहेत. त्यांच्यावर रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि गाण्यांचा खेळ होतो. तो फुकट आहे. मुलाच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा सवापाच-सवासहाच वाजलेले असतात, त्यामुळे ते टक्क जागे राहून बघते.

दिवसाला एकच मोठे ठिकाण धरा. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने उकाडा, आणि दुपारी गडगडून पाऊस येण्याचे प्रमाण फार. सकाळी हिंडावे, दुपारी खोलीवर येऊन मुलांना निजवावे. प्राणिसंग्रहालय मंडाई भागात आहे, १९७३ सालचे. तिथे बऱ्याच जनावरांना गजांच्या पिंजऱ्याऐवजी खंदकापलीकडे मोकळे ठेवले आहे. जुन्या माहितीपुस्तकांत जुरोंगची पक्ष्यांची बाग दिसेल, पण ती जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली आणि पक्षी मंडाईलाच आले. शेजारी आहे म्हणून दोन्ही एका दिवसात उरकू नका. तिकिटे वेगळी आहेत, आणि लहान पाय तेवढे चालत नाहीत. बाबागाडी मात्र जरूर न्या. ती बसमध्ये न मिटता चढवता येते आणि आगगाडीच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत. ९० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही. त्याहून उंच पण सात वर्षांखालील मुलाचे सवलतीचे कार्ड काढून घ्या.

या गाडीत खायला-प्यायला मनाई आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत. म्हणून बिस्किटाचा पुडा फलाटावर जाण्याआधीच संपवा. दुसरे त्याहून महत्त्वाचे. दारे चटकन मिटतात. मोठ्या मुलाला पढवून ठेवा: "तू आत राहिलास तर पुढच्या स्टेशनवर उतर आणि तिथेच थांब, मी येते." धाकट्याच्या खिशात तिथला फोन आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी घाला. पोलिसांचा क्रमांक ९९९.

मला विचाराल तर आपल्यासारख्यांनी एक सकाळ वनस्पती उद्यानाला द्यावी. १८५९ सालचे हे उद्यान, फिरायला पैसे पडत नाहीत. त्यातल्या जेकब बालास बालोद्यानात मोठ्या माणसाला मूल बरोबर असल्याशिवाय सोडतच नाहीत! (सोमवारी ते बंद असते.) याच उद्यानात १८७७ साली रबराची रोपे आली. ब्राझीलचे झाड, लंडनच्या क्यू बागेमार्गे आलेले. पुढे १८८८ साली रिडली नावाचा साहेब उद्यानाचा प्रमुख झाला. झाड न मारता सालीला बेताची चीर देऊन पुन्हा पुन्हा चीक कसा काढावा, हे त्याने बसवले. मळेवाल्यांच्या तो इतका मागे लागे, खिशातून बिया काढून इतका गळ घाली, की लोक त्याला 'वेडा रिडली' म्हणू लागले. पुढे मलायात रबराचे मळेच मळे उभे राहिले. आपल्या ट्रॅक्टरच्या चाकाची ही गोष्ट मुलांना तिथे झाडाखाली बसून सांगा.

जेवायला 'लिटल इंडिया'तले टेक्का मार्केट गाठा. डोसा मिळतो, आणि खालच्या मंडईत शेवगा-कारल्याचे भाव बघून घरधन्याचे डोळे पांढरे होतील. या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येते. जेवल्यावर ताट आपणच उचलून ठेवायचे असते, ते काम पोरे हौसेने करतात.

खरेदी मुलांना घेऊन करू नका, एवढे ऐका. जवळच 'मुस्तफा' हे कपड्यापासून सोन्यापर्यंत सगळे विकणारे प्रचंड दुकान आहे. मजल्यावर मजले, अरुंद वाटा, ही गर्दी. एकाने मुलांपाशी थांबावे, दुसऱ्याने यादी घेऊन जावे. वस्तू उलटून बघा, पुष्कळ माल आपल्याकडूनच तिथे गेलेला असतो. विजेच्या उपकरणाची पिन तीन चौकोनी दांड्यांची असते, ती आपल्या भिंतीत बसत नाही. किमतीत ९ टक्के कर असतो. परताव्याची सोय असलेल्या दुकानात १०० डॉलरची खरेदी झाली की तो विमानतळावर मागता येतो. कधी थोडी रक्कम कापून घेतात. एका दुकानातल्या एकाच दिवसाच्या तीन पावत्या जोडून शंभर भरले तरी चालते. पासपोर्ट मात्र एकाच मोठ्या माणसाचा दाखवा, आणि वस्तू बघायला मागतात म्हणून मोठी बॅग विमान कंपनीकडे देण्याआधीच हे काम उरका.

निघताना मुलांचे खिसे झटका. उद्यानात पोरे बिया वेचतातच, आणि आपल्या देशात परवान्यावाचून बाहेरचे बी किंवा रोप आणता येत नाही. त्यात कोणती कीड दडली असेल हे डोळ्यांना दिसत नसते. रिडलीसाहेबाच्या खिशाची गोष्ट ऐकून एखाद्याने मूठभर भरून ठेवल्या असतील, तर तिथेच झाडाखाली परत टाकायला लावा.