लघवीची जळजळ अंगावर काढू नका

लघवीला जळजळ झाली की अनेक पुरुष ‘उष्णता झाली’ म्हणत धन्याचं पाणी पितात आणि गप्प बसतात. हा संकोच महागात पडतो.

मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते; या जळजळीमागे तिची सूज असू शकते. तिला सूज येणं हे म्हातारपणाचंच दुखणं, हा समज चुकीचा आहे. पन्नाशीच्या आतही ते सर्रास आढळतं. लघवीला सारखं जावं लागणं, बारीक धार, वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत ठणका, वीर्यस्खलनावेळी वेदना ही सुरुवातीची लक्षणं.

सोबत हुडहुडी भरून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

जंतुसंसर्गात प्रतिजैविकं बहुधा २ ते ४ आठवडे घ्यावी लागतात. ती मध्येच सोडू नयेत. सुजेमुळे रक्तातला पीएसएही (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन) वाढतो, म्हणून तो आकडा पाहून लगेच कर्करोगाची धास्ती घेऊ नये. सूज उतरल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी.