पाय जळतात? आधी मुळी उकरून बघा



आज पिकावर नाही, पायावर लिहितोय. आपल्याकडं बेलापुरात डेअरीवर दूध घालायला गेलं की पन्नाशी ओलांडलेल्या माणसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री गोधडी पायाला लागली तरी सहन होत नाही. मग कोणी म्हणतं नस दबली, कोणी म्हणतं वात आहे, कोणी नस बसवून देणाऱ्याचा पत्ता देतं. दोन इंजेक्शनं, चार गोळ्या, आणि महिन्याभरानं परत तेच.

माझं म्हणणं एवढंच, की दुखणं कशामुळं आहे ते शोधल्याशिवाय नुसतं दाबत राहू नका.

डाळिंबाची पानं पिवळी पडली तर जाणता शेतकरी नुसतं वरून फवारत बसत नाही. मुळी उकरून बघतो. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजतो, नाहीतर माती तपासायला राहुरीला विद्यापीठात नेतो. नसेचंही तसंच. दुखतं एकीकडं, कारण दुसरीकडं. कमरेतून निघालेली नस थेट अंगठ्यापर्यंत जाते. अंगातली ही सगळ्यात लांब नस. म्हणून साखर वाढली किंवा जीवनसत्त्व कमी पडलं की पहिला फटका तळपायाला बसतो. कालव्याला पाणी कमी सुटलं की टेलवाल्याचं शेत आधी सुकतं, तसंच हे.

मग तपासायचं काय? एकदम एमआरआयकडं पळू नका. पन्नाशीत मणक्याची गादी थोडी सरकलेली कित्येकांची दिसते, दुखत नसलेल्यांचीही. आधी साध्या रक्ताच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. साखर (तीन महिन्यांची सरासरी), बी-१२, थायरॉईड, किडनी. आपल्यातले माळकरी मटण-अंडी खात नाहीत, त्यांच्यात बी-१२ कमी सापडतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही कमी होतं. दारू रोजची असेल तर तीही लपवू नका.

कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं कळत नसेल, तर कुष्ठरोग नाही ना हे बघून घ्या. २००५ साली देशपातळीवर त्याचं निर्मूलन जाहीर झालं, म्हणून तो संपला असं नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. लाजून उशीर केला तर नस कायमची जाते.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड आले तर ती नागीण. विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो, हे खोटं आहे. पण तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर चांगलं. लेप लावत बसलं, तर फोड सुकल्यावरही नसेचं दुखणं महिनोन्‌महिने मागं राहू शकतं.

फवारणी करणाऱ्यांनी डॉक्टरांना औषधाचं नाव सांगायलाच पाहिजे, जमलं तर डब्याचं लेबल न्या. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा नसांवरचा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर फवारणी विसरलेली असते. कृषी खात्यातल्या मित्रांनो, फवारणीच्या शिबिरात हातमोज्यांबरोबर हेही सांगत चला.

आता ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात त्यांच्याबद्दल. घरचे म्हणतात, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." हे चूक आहे. नसांची जी करंटची तपासणी होते तिच्यात जाड नसा कळतात, आगीची आणि टोचण्याची जाणीव नेणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसत नाहीत. रिपोर्ट चांगला आला म्हणून आग खोटी ठरत नाही. काहींचं कारण शेवटपर्यंत सापडत नाही, तरी दुखणं कमी करता येतं. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळीनं नसेची आग फारशी थांबत नाही, वर किडनीला त्रास. स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं साखर चढते. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी, त्यातली काही फिटची किंवा मनाच्या आजाराचीही असतात. मेडिकलवाल्यानं तसं सांगितलं म्हणून घाबरून मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडं जाताना वहीत लिहून न्या. कधीपासून, कुठून सुरू झालं, आग की मुंग्या की बधिरपणा, रात्री वाढतं का, कोणती औषधं चालू आहेत. पिकाच्या नोंदी ठेवतो तशा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून गरज पडली तर लोणी किंवा नगर.

थांबायचं नाही अशा वेळा मात्र वेगळ्या. पायातली ताकद तासा-दिवसांत कमी होत वर चढायला लागली, श्वास लागला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तोंड वाकडं झालं, तर लगेच १०८ ला फोन. जानेवारी २०२५ ला पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसची साथ आली. त्या आजारात बऱ्याचदा आधी जुलाब होतात, मग पायाला मुंग्या येतात आणि ताकद जाते. वेळेत दवाखाना गाठणं महत्त्वाचं.

आणि ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांनी रात्री पाणी भरायला अनवाणी जाऊ नये. घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात तळवे बघा. काच किंवा काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि बोट काढायची वेळ येते.

तुमच्या घरात कोणाचे पाय जळत असतील तर या आठवड्यात साखर आणि बी-१२ तेवढं तपासून घ्या.