नाव जमातीचं, शिवी बाईला

गेल्या महिन्यात सात रस्त्यावरच्या आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. कपाळावर खोक, कडेवर मूल. नवऱ्याने मारलं होतं. आमच्याकडे येण्याआधी ती पोलीस ठाण्यात जाऊन आली होती. तिथे तिला नाव विचारलं, मग जात विचारली. जात कळल्यावर लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं. "पारधीण का? मग तुमच्यात हे चालतंच." झाली तक्रार!

मैत्रिणींनो, मला संताप आला. पण त्या दिवशी संध्याकाळी तिचा केसपेपर पुन्हा वाचला आणि मान खाली गेली. पहिल्याच ओळीत 'पारधी समाजातील महिला' असं लिहिलेलं होतं. मारहाणीची हकिकत त्याच्या खाली. लिहिणारी मीच होते. आदल्या आठवड्यात आलेल्या बँकेतल्या बाईच्या कागदावर मी तिचा समाज लिहिला नव्हता.

हे शब्द आपल्या तोंडात येतात कुठून? लहानपणी केस मोकळे सोडले की आई म्हणायची, "कैकाडणीसारखी काय बसलीस?" आवाज चढला की 'वडारीण' ठरलेलीच. खरं तर कैकाडी म्हणजे टोपल्या विणणारे, वडार म्हणजे दगड फोडणारे. ज्या बायांनी विणलेल्या टोपलीत आपली भाकरी राहिली आणि ज्यांनी फोडलेल्या खडीवर आपले रस्ते झाले, त्यांचं नाव आपण मुलींना धाक घालायला वापरतो. 'भामटा' हा शब्द तर आपण लबाड माणसासाठी सहज वापरतो. सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका जातीचं नाव आहे. त्या जातीच्या मुलीने शाळेत दाखला दाखवायचा तरी कसा?

या बदनामीला इंग्रजांनी कायद्याचा शिक्का दिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. १९११ पासून तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. आपल्या सोलापुरात काटेरी तारेच्या आत वसाहत झाली. आतल्या माणसांची हजेरी घेतली जाई, त्यांच्यातले कित्येक इथल्या गिरण्यांत राबले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, 'गुन्हेगार'च्या जागी 'विमुक्त' आलं. पण १९५९ मध्ये आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर तीच राहिली. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही आहे. 'फ्री' शब्द पाटीवर आला, तो ठाण्यातल्या वहीत अजून यायचा आहे. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं. शिवी ज्याची त्यानेच उचलून समाजासमोर धरली की तिचा अर्थ पालटतो. आपण बाहेरच्यांनी ती उच्चारली की ती शिवीच राहते.

मग जात विचारूच नये का? इथे घाई करू नये. तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं, ते योग्यच झालं. पण आमच्या केंद्रात कधी कधी तो प्रश्न विचारावाच लागतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून त्या बाईला बाहेरच्या कोणी जातीवरून छळलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिच्या पाठीशी असतो. पालपारधी विमुक्त जातींत, त्यांना तो नाही. कैकाडी बाई नागपूरची असेल तर अनुसूचित जातीत, सोलापूरची असेल तर विमुक्त. शिवी एकच, अपमान एकच, पण दाखल्यावरच्या एका शब्दाने आणि जिल्ह्याने संरक्षण मिळतं किंवा हुकतं. तेव्हा प्रश्न विचारण्यात दोष नाही. तो कशासाठी विचारला आणि उत्तर ऐकल्यावर पेन चाललं की थांबलं, हे पाहायचं.

आपण चळवळीतल्या बायांनी शब्दांसाठी कमी भांडण केलेलं नाही. 'टाकलेली' म्हणू नका, बाई काय टाकायची वस्तू आहे का, असं आपणच विचारलं. 'विधवा' म्हणून कोपऱ्यात बसवलेलीला आपण 'एकल महिला' म्हणून सभेत पुढे आणलं. 'स्त्रीमुक्ती' शब्दाची टिंगल झाली, तरी आपण तो सोडला नाही. मग 'विमुक्त' या शब्दातली मुक्ती आपल्याला परकी का वाटावी?

आमच्या केंद्रात आता केसपेपरवर आधी बाईचं नाव येतं, मग तिचं म्हणणं. समाज शेवटी, तोही कशासाठी विचारतोय हे तिला सांगून आणि ती सांगेल त्या शब्दात. त्या बाईचा कागद मी तिच्यासमोर नव्याने लिहिला, तिला वाचून दाखवला आणि तिच्याबरोबर पुन्हा ठाण्यात गेले. या वेळी तक्रार नोंदवून घेतली. मात्र सोबत मी असल्यामुळे घेतली, हे मला आणि तिला दोघींनाही कळलं. तिची तक्रार तिच्या एकटीच्या शब्दावर लिहिली जाईल, तोवर आपलं काम संपलेलं नाही.

आपापल्या केंद्रातले जुने केसपेपर एकदा काढून पाहा. पहिल्या ओळीत काय लिहिलंय?