'अभूतपूर्व' नावाची पळवाट : मिहान, वर्धा रोड आणि हवामानाचा विसरलेला धडा

१/ ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. आकडा देशभर फिरला. संवेदकात बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्याने केला आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वस्तुतः चर्चा तिथून सुरू व्हायला हवी होती. खोटा आकडा वजा केल्यावर जो खरा उरतो, तो काय कमी आहे?

२/ मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश तापमान अनुभवले. शहराचे अधिकृत तापमान सोनेगावला, विमानतळ परिसरात मोजले जाते. त्या विमानतळाला लागूनच मिहान आहे. म्हणजे ज्या माळावर पारा मोजतात, त्याच माळावर आपण 'भविष्यातील नगरी' वसवत आहोत. 'आम्हांला कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय इतर कोणाला असेल, मिहानला नाही.

३/ या थ्रेडचा मुद्दा एकच आहे. आज हवामानाचा इशारा नागरिकाला दिला जातो; त्या इशाऱ्याने कोणत्याही अधिकाऱ्यावर वा मालकावर काहीही बंधन येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रदेशाने मोठी किंमत मोजून नेमका याच्या उलट धडा घेतला होता. तो आपण विसरलो. 'अभूतपूर्व' हा शब्द त्या विस्मृतीवर घातलेले पांघरूण आहे.

४/ आधी नागपूरचा भूगोल पाहू. वर्षाचा पाऊस साधारण अकराशे मिलिमीटर, तोही बहुतांश चार महिन्यांत. नंतर कोरडे महिने आणि मग वैशाखवणवा. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसवले, तेव्हापासून शहराने या टोकांना दिलेले उत्तर म्हणजे तलाव. जुम्मा तलाव गोंडकालीन. सोनेगाव, तेलंगखेडी भोसलेकालीन. अंबाझरी १८७० च्या सुमाराचा.

५/ तलाव बांधणारा माणूस दोन गोष्टी गृहीत धरतो : एखाद्या वर्षी पाणी येणार नाही आणि एखाद्या वर्षी नको तितके येईल. म्हणून बांधासोबत सांडवा येतो. सांडवा म्हणजे अतिवृष्टीची आगाऊ दिलेली कबुली. जादा पाण्याची वाट आधीच आखून मोकळी ठेवायची आणि तिच्यावर कोणी घर, दुकान वा पुतळा उभारू नये, याची जबाबदारी राजसत्तेने घ्यायची.

६/ आता २३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, वस्त्या झोपेत असताना पाणी घरांत शिरले. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या गाड्या बुडाल्या. माणसे दगावली, हजारो संसार चिखलात गेले. सांडव्यासमोरचे स्मारक प्रवाहाला अडथळा ठरले का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

७/ त्या सकाळी सर्वत्र एकच शब्द होता : 'अभूतपूर्व'. पण त्याच्या पाचच वर्षे आधी, ६ जुलै २०१८ रोजी, पावसाच्या पाण्याने विधानभवनाची वीजयंत्रणा बंद पाडली होती आणि पावसाळी अधिवेशनाचे कामकाज अंधारामुळे थांबले होते. ज्या सभागृहात नागपूरच्या पुरावर चर्चा व्हावी, तेच सभागृह पुराने बंद पाडले. पाच वर्षांत दोनदा 'अभूतपूर्व' घडत असेल, तर शब्दकोश बदलावा की गटारांचे आराखडे?

८/ हा शब्द नागपूरपुरता नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. पाण्याने वेढलेल्या मोटारींत, दारे-काचा न उघडल्याने, माणसे गुदमरून मेली. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि हे आधीपासून ठाऊक होते. ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ च्या अहवालातच होती.

९/ त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मुंबईत मोठी उदंचन केंद्रे उभी राहिली. हे सार्वजनिक उत्तर, अपुरे असले तरी खरे. दुसरे म्हणजे अनेकांनी मोटारीत काच फोडण्याची हातोडी ठेवायला सुरुवात केली. हे खासगी उत्तर. नागपूरबाबत माझी तक्रार एवढीच की आपण हातोडीवर थांबतो. आपली सारी हवामाननीती चालकाच्या डिकीत, दुपट्ट्यात आणि पाण्याच्या बाटलीत मावते.

१०/ आता तो विसरलेला धडा. १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाने अहवाल दिला आणि प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता आल्या. त्यांचे मर्म असे : अमुक चिन्हे दिसली (धान्याचे भाव चढले, माणसे गाव सोडू लागली) की अमुक अधिकाऱ्याने अमुक कृती करायची. आधी चाचणीची कामे, मग मदतकामे. चिन्ह दिसल्यावर स्वस्थ बसणे हा त्या अधिकाऱ्याचा कसूर ठरे.

११/ संहिता कागदावर असणे आणि पाळली जाणे यांतले अंतर नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्यानेच दाखवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मदत उशिरा आणि हात आखडून दिली गेली; मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. १८९९-१९०० मध्ये पावसाने अधिकच दगा दिला, पण मदतकामे लवकर आणि सढळपणे उघडली गेली. मृत्युदर तेव्हाही दारुण होता, तरी १८९७ च्या खाली राहिला.

१२/ याचा अर्थ काय? आभाळ अधिक वाईट वागले आणि माणसे तुलनेने कमी मेली. फरक आभाळाने केला नाही. कृती कधी सुरू झाली, याने केला. हवामान हे कारण असते, आपत्ती हा निर्णयांचा परिणाम असतो. हे वाक्य आज कोणत्याही कार्यशाळेत टाळ्या मिळवते. आपल्या प्रांतात त्याची किंमत लाखो प्रेतांनी चुकवलेली आहे.

१३/ येथे वसाहतवादाचे गुणगान नको. त्या संहिता तुटपुंज्या मजुरीच्या होत्या, खजिन्याची काळजी घेणाऱ्या होत्या. भोसल्यांचे तलावही समतेच्या राज्यात बांधले गेले नव्हते. पण तत्त्व टिकले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या महाराष्ट्राने ते पुढे नेले आणि रोजगार हमीचा कायदा केला : हवामान बिघडले तर काम मागणे हा हक्क आणि ते देणे हे शासनाचे कर्तव्य.

१४/ आपण ज्या रस्त्यांवरून गाडी हाकतो, त्यांतले कित्येक याच कामांवर तयार झाले. ७२ ची सुकडी खाल्लेल्या कोणत्याही आजीला विचारा. एके काळी हवामानाच्या संकटातून रस्ते जन्मले. आज आपण असे रस्ते बांधतो की त्यांतून हवामानाचे संकट जन्मते : वस्तीपेक्षा उंच झालेले सिमेंट रस्ते पाणी घरात ढकलतात आणि दुपारची उष्णता रात्री उशिरापर्यंत परत करत राहतात.

१५/ नागपूरने २०१६ साली उष्णता कृती आराखडा स्वीकारला. अहमदाबादने २०१३ मध्ये घालून दिलेल्या वाटेवर चालणाऱ्या पहिल्या शहरांत आपण होतो. याचे श्रेय द्यायलाच हवे. पण अशा आराखड्यांना कायद्याचे बळ नाही. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे येतात आणि सोबत उपदेश : दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, डोके झाका. क्रियापदे पाहा. सगळी आज्ञार्थी आणि सगळ्यांचा कर्ता 'तुम्ही'.

१६/ 'दुपारी बाहेर पडू नका' हे कोणाला सांगता? मिहानमध्ये पाळी बदलते तेव्हा वर्धा रोडवर दुचाकींची रांग लागते. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, बांधकाम मजूर, जेवण पोहोचवणारी मुले, एम्समध्ये रुग्ण घेऊन येणारा ऑटोवाला, यांच्यापैकी कोण घरी थांबू शकतो? खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा, निघण्याआधी पन्हे : वैदर्भीय माणूस त्याच्या वाट्याचे सर्व करतो. प्रश्न इतरांच्या वाट्याचा आहे.

१७/ मिहानचा विस्तार ४,००० हेक्टरांहून मोठा. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव येथील शेतजमिनी त्यासाठी गेल्या. रस्ते प्रशस्त आहेत. मोटारीत वातानुकूलन असेल तर सुखावहही. खापरीला मेट्रोतून उतरून पायी निघणाऱ्याला मात्र कळते की इथे अंतराचे माप मोटारीने ठरवले आहे, माणसाच्या पावलांनी नव्हे. जुन्या रस्त्यांना कडुनिंब-चिंचेची सावली हा रस्त्याचाच भाग वाटे. इथे ती सुशोभीकरणाच्या खात्यात जमा आहे.

१८/ शासनाला काही करता येत नाही, असेही नाही. अलीकडच्या उन्हाळ्यांत नागपुरातील काही चौकांतले सिग्नल दुपारी बंद ठेवले गेले, कुठे हिरवी जाळी ताणली गेली. समृद्धी महामार्ग मिहानच्या शेजारी शिवमडक्यापासून सुरू होतो. तिथे टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा गुळगुळीत टायरच्या गाड्यांना अडवणे सुरू झाले. म्हणजे बंधन घालता येते. लक्षात घ्या, ते पुन्हा चालकावरच घातले गेले.

१९/ पावसाळ्यात नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग पाहा. तो तुंबतो हे अवघ्या नागपूरला तोंडपाठ आहे, तरी पाण्यात गाडी घालायची की नाही, हा निर्णय दर वेळी हँडल धरलेल्या माणसाने घ्यायचा. तिकडे संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे आणि दंड मालकाला होतो. लोकशाहीचा आदर्श म्हणून कोणी त्या देशाकडे बोट दाखवत नाही. मग एवढे तरी आपल्याला का जमू नये?

२०/ आक्षेप येईल : 'एवढ्या पावसापुढे कोणतीच यंत्रणा टिकत नाही.' मान्य. पण सांडवा पूर थांबवत नाही, त्याला वाट देतो. दुष्काळ संहितेने पाऊस पाडला नाही, मदतीची वेळ ठरवली. दुसरा आक्षेप : 'हा विकासाला विरोध.' ज्या उद्योगनगरीत मे महिन्यात माणूस चौकात भोवळ येऊन पडतो, तिच्या विकासाविषयी शंका घेणे हा विरोध नसून हिशेब मागणे आहे.

२१/ म्हणून मागण्या चार. नारिंगी इशारा लागताच दुपारी १२ ते ४ उघड्यावरचे काम आणि दुचाकीवरील घरपोच सेवा थांबवणे मालकाला व कंपनीला बंधनकारक करा. मिहानच्या प्रत्येक थांब्यावर सावली आणि पाणी ही विकासक कंपनीची जबाबदारी ठरवा. भुयारी मार्गांत पाण्याची खूण आखा. ती बुडाली की रस्ता बंद करणे ही नेमलेल्या अधिकाऱ्याची जबाबदारी. आणि तलावांच्या सांडव्यापुढील मार्ग मोकळा असल्याचा जाहीर दाखला दर मे महिन्यात द्या.

२२/ या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही. आकडा ठरवा, अधिकारी ठरवा, कसुराची शिक्षा ठरवा. १८८० च्या परकीय नोकरशाहीला जे सुचले, ते स्वतंत्र भारतातील महापालिकेला अवघड वाटू नये. पुढच्या वेळी कोणी 'अभूतपूर्व' म्हणाले, तर त्याला अंबाझरीचे जन्मवर्ष, सोनेगावची नोंदवही आणि १८९७ चा मृत्युदर विचारा. आणि हा थ्रेड त्याच्यापर्यंत पोहोचवा.